परड्यातला खतखड्डा: घूस, माकडं आणि बाकीची मंडळी

2 नोव्हेंबर 2024, पाडवा

फराळाच्या गडबडीत दोन दिवस मागे परड्यात फिरकले नव्हते. आज सकाळी ओल्या कचऱ्याची बादली घेऊन गेले, तर ढीग जागेवर नव्हताच. पपईच्या साली, अंड्यांची टरफलं, नारळाच्या शेंड्या आणि गेल्या आठवड्यातल्या बांगड्यांची डोकी तुळशीपर्यंत पसरलेली. आई (सासूबाई) पडवीतून म्हणाल्या, "लोकांच्या दारात आज रांगोळी असते, आपल्याकडे ही."

डोंबिवलीहून कायमचे देवरुखजवळच्या या घरात आलो त्याला दीड वर्ष झालं. ढीग आहे त्या जागी पूर्वी गायरी होती. गोठ्यातलं शेण, गुरांच्या पायाखालचा पातेरा (वाळका पाला), चुलीतली राख असं सगळं तिथे पडायचं आणि आई सांगतात की तिच्या वाटेला कधी कोणी जायचं नाही. मी त्याच जागेवर स्वयंपाकघर नेऊन ओतायला लागले. जागा तीच राहिली, आतला माल बदलला.

आजपासून या वहीत लिहायचं. नाहीतर चार महिन्यांनी काय केलं होतं तेच आठवत नाही.

4 नोव्हेंबर

कोण कोण येतं ते आधी कळू दे. चुलीतली राख चाळून ढिगाभोवती दोन हात रुंदीचा पट्टा टाकला.

5 नोव्हेंबर

वाडीतलं कुत्रं येऊन गेलंय, नखं उमटलेली मोठी पावलं. मांजर आलंय, तिची नखं उमटत नाहीत. एक लहान, नखांचं, नाजूक पाऊल शेजारच्या काकांनी वाकून बघितलं आणि म्हणाले, "मुंगूस." आणि घूस. पुढच्या पायाची चार बोटं, मागच्याची पाच, मधोमध शेपटी ओढत नेल्याची रेघ. मागचं पाऊल माझ्या अंगठ्याएवढं. रेघ गडग्याकडून (दगडी कुंपणाकडून) येते आणि ढिगाशी संपते. परत जाणारी रेघ कुठेच नाही. हे तेव्हाच लक्षात यायला हवं होतं (हे वाक्य 17 तारखेला घातलंय).

9 नोव्हेंबर

चार बांबू, भोवती कोंबड्यांची षट्कोनी जाळी, वरून गोणपाट. खर्च 340 रुपये. दिसायला झकास.

13 नोव्हेंबर

कुत्र्याने अंग टाकून एक बाजू लोळवली. घुशीला तर जाळीची दखलही घ्यावी लागली नसणार. एका कोपऱ्यात तीन तारा कुरतडलेल्या, बाकी सगळं तसंच. ही जाळी कोंबडीला आत ठेवण्यापुरती. उंदीरवर्गाचे पुढचे दात जन्मभर वाढतात, त्यांना घासायला काहीतरी लागतंच. त्यात ही मऊ तार म्हणजे आयता मेवा.

17 नोव्हेंबर

आज ढीग उपसायचाच, असं ठरवून गमबूट आणि रबरी हातमोजे घालून उतरले. पाऊस संपला असला तरी खालची माती ओली आहे आणि घुशीच्या मुतातून लेप्टोचा ताप येतो हे कोकणात कोणाला वेगळं सांगायला नको.

वरचा थर कोरडा खडखडीत. फावडं घातल्यावर खाली काळा, चिकट, कुबट वासाचा गोळा. आणि गडग्याच्या बाजूला, जिथे पातेरा दाबून बसला होता, तिथे एक गुळगुळीत भोक. माझी मूठ जाईल एवढं. त्यात फावडं घातलं तर भोक संपेचना. सरळ ढिगाखाली, तिथून जमिनीत, तिथून गडग्याच्या पायाकडे. वाटेत एक फुगवटा, त्यात बारीक फाडलेली कांद्याची सालं, झावळीचे तंतू, आमच्या हरवलेल्या पायपुसण्याचे धागे आणि दुधाच्या पिशवीचा तुकडा. बाजूच्या कप्प्यात सोललेल्या सुपाऱ्या, अकरा. पिल्लं नव्हती. आई सुपाऱ्यांकडे बघून म्हणाल्या, "म्हणजे सुपाऱ्या कुठे ठेवल्या ते मी विसरले नव्हते तर."

घूस रात्री जेवायला येते असं मी धरून चालले होते. ती तिथे राहत होती. म्हणून परतीची रेघ नव्हती. मी चारी बाजूंनी जाळी लावली म्हणजे तिच्या घराला कुंपण घालून दिलं, तेही फुकट.

का राहत होती, तेही फावड्यावरच दिसलं. ढीग थंड होता. मी रोज ओला कचरा ओतत गेले, कोरडं जवळजवळ काही नाही, आणि दीड वर्षात एकदाही वरखाली केला नाही. नीट जमलेला ढीग आतून 55 ते 60 अंशांवर जातो, तिथे कोणी पिल्लं घालत नाही. त्यासाठी कर्ब आणि नत्राचं प्रमाण साधारण 25 ते 30 ला 1 लागतं. बायकी भाषेत सांगायचं तर एक टोपली ओल्यावर दोन-तीन टोपल्या सुकं. आमच्याकडे निवांत, कोणी न हलवणारा कोपरा होता आणि दारात रोजचं ताट. मीही तेच भाड्याने घेतलं असतं.

तिला तेलुगूत पंदि-कोक्कु म्हणतात, डुक्कर-उंदीर, आणि इंग्रजांनी त्याचं बँडिकूट केलं. रात्री गडग्यातून येणारी खुरखुर ऐकली की तेलुगू माणसाच्या कानाला दाद द्यावीशी वाटते.

20 नोव्हेंबर

काका: "वहिनी, औषधाच्या दोन वड्या टाका. आठ दिवसांत साफ."

मी नाही म्हटलं. त्या वड्यांमधलं विष रक्त गोठू देत नाही. घूस जागच्या जागी मरत नाही, चार-पाच दिवस झिंगल्यासारखी उघड्यावर फिरते, आणि अशी सोपी शिकार घुबड, मांजर, मुंगूस सगळ्यांना मिळते. परवा गडग्याचा दगड काढताना मला धामणीची कात मिळाली होती, माझ्या उंचीपेक्षा लांब. म्हणजे आमच्याकडे या कामाला एक बाई आधीच आहे, बिनपगारी. तिच्या जेवणात विष कशाला कालवायचं?

काका म्हणाले, "मग पोसा."

23 नोव्हेंबर

पिंजरा लावला, आमिष सुका बोंबील. सकाळी आत आमचीच मांजर, तोंड फुगवून.

1 ते 8 डिसेंबर

मोठं काम. सविस्तर लिहिते, कारण अर्धे निर्णय गवंड्याशी भांडून झालेत.

जागा गडग्यापासून चार फूट सोडून. भिंतीला चिकटून काही ठेवलं की मधल्या फटीत कोणीतरी संसार थाटतं. आकार आतून चार बाय चार, उंची तीन फूट. फार लहान ढीग नीट तापत नाही, उष्णता कडांनीच निघून जाते.

जाळी: अर्धा इंची चौकोनाची, जस्त चढवलेली वेल्डमेश. दुकानदार एक इंची गळ्यात मारत होता, "तेवढ्यातून काय जाणार आहे?" घुशीचं पिल्लू जाणार आहे. उंदराचं डोकं जिथून जातं तिथून त्याचं अख्खं अंग जातं. पेन्सिल शिरेल अशा फटीतून घरातला लहान उंदीर शिरतो, अर्ध्या इंचापेक्षा मोठ्या भोकातून मोठा. त्या हिशेबाने पाव इंची घ्यायला हवी होती. ती बरीच महाग निघाली, मी अर्ध्यावर थांबले. लहान उंदीर आला तर येऊ दे, धामण आहे.

तळ: इथे खरी लढाई. गवंडी म्हणाला, "ताई, खाली कोबा मारून टाकू, विषयच संपला." विषय संपेल, खतही संपेल. खालून गांडुळं आली पाहिजेत आणि जादाचं पाणी जमिनीत मुरलं पाहिजे. कोब्यावर पावसाळ्यात आत डबकं साचेल. शेवटी सहा इंच माती काढून तिथे जाळी अंथरली. नुसती खड्ड्यापुरती नाही, चारही बाजूंनी भिंतीच्या बाहेर एक-एक फूट आडवी, आणि वरून माती परत ओढली. म्हणजे खालचा तुकडा खड्ड्यापेक्षा बराच मोठा. तीन फूट रुंदीच्या पट्ट्या, मधे बोटभर नाही तर वीतभर एकावर एक, बाइंडिंग तारेने दर चार इंचांवर बांधलेल्या. त्या बांधकामात माझी अर्धी दुपार आणि दोन नखं गेली.

बाहेरच्या फूटभर पदराचं कारण असं, की घूस भिंत आली की भिंतीच्या बुडाशीच उकरते. जाळी लागली की बाजूला सरकून परत बुडाशीच उकरते. फूटभर मागे जाऊन तिथून सुरुवात करावी, हे तिला सुचत नाही म्हणतात. बघू.

भिंती जुन्या गोठ्याच्या चिऱ्यांच्या, सिमेंट न लावता, हवेसाठी फटी ठेवून. आतून तिन्ही भिंतींना जाळी, खालच्या जाळीला शिवलेली. समोरची बाजू फळ्यांची, खाचेत वरून सरकवायच्या, खत काढायला सोपं. झाकण फणसाच्या चौकटीवर जाळी, दोन बिजागऱ्या.

एकूण 6,850 रुपये, मजुरी धरून. बाजारात तेवढ्यात तयार खताच्या किती गोणी आल्या असत्या, हा हिशेब ह्यांनी जेवताना मांडून दाखवला. मी भात वाढला.

15 डिसेंबर

भरला. तळाला नारळाची सोडणं आणि काटक्या वीतभर, म्हणजे खालून हवा. मग एक टोपली ओलं, तीन टोपल्या पातेरा. आंब्याची पानं लवकर कुजत नाहीत म्हणून कोयत्याने चेचून घेतली. विरजण म्हणून काकांच्या गायरीतलं जुनं शेण, दोन घमेली.

19 डिसेंबर

पहार मधोमध खुपसून दहा मिनिटांनी बाहेर काढली. हाताला चटका! थर्मामीटर 57 दाखवतोय. आईंनाही हात लावायला लावला.

3 जानेवारी 2025

आली होती. उजव्या भिंतीच्या बुडाशी सहा इंचांचा खड्डा, तळाला जाळी उघडी पडलेली, तारेवर माती घासलेली. दोन हात पुढे तसाच दुसरा. मागच्या बाजूला तिसरा. तिन्ही भिंतीला चिकटून, पदराच्या आत. माती परत ओढून दाबून टाकली.

9 जानेवारी

नवा खड्डा नाही.

18 जानेवारी

घुशीसाठी एवढं केलं आणि दिवसाढवळ्या माकडांनी झाकण उघडलं. वर ठेवलेला चिरा दोघांनी मिळून ढकलला असावा, तो फुटलाय. आत बसून निवांत केळीची सालं आणि शेवग्याच्या शेंगा चाललेल्या. मला बघून एकाने पपईची साल हातात घेतली आणि मगच उठला.

नुसती कडी त्यांना दोन दिवसांत जमेल. कोयंडा बसवला आणि सरळ कुलूप. किल्ली पडवीत, कुळथाच्या डब्यामागच्या खिळ्याला. काका रस्त्यावरून ओरडले, "उकिरड्याला कुलूप लावणारी पहिलीच बाई बघतोय!"

27 जानेवारी

समोरच्या दोन फळ्या उन्हाने आकसल्या, मधे पाऊण इंचाची फट. आतल्या कडेला ताज्या लेंड्या. जुन्या पत्र्याची पट्टी कापून आतून ठोकली. लाकूड हलतं, हे सुताराने सांगायला हवं होतं, आणि मला आठवायला.

9 फेब्रुवारी

माशांचं काय करायचं, यावर घरात बैठक. कोकणात राहून खड्ड्यात मासळी घालू नका हे पुस्तकात ठीक आहे. आमच्याकडे आठवड्यातून तीनदा कल्ले, खवले, कोलंबीची टरफलं निघतात आणि ती कुठेतरी जायलाच हवीत. सध्याची पद्धत: माशाचं धुतलेलं पाणी पूर्वीसारखं माडांच्या आळ्यात. आतडी-डोकी खड्ड्यात, पण फक्त ढीग गरम असताना, मधोमध हातभर खोल उकरून, वर शेणाचा लपका आणि दोन टोपल्या पातेरा. झाकून झाल्यावर मी वाकून नाकाने तपासते. मला वास आला नाही तरी कुत्र्याला येणारच, पण निदान तो लांबून येणार नाही. तीन आठवडे करून बघितलं, कुत्रं एकदा फेरी मारून गेलं, भिंतीवर तंगडी वर केली आणि निघालं.

15 मार्च

शिमगा. पालखी घरी येऊन गेली, माणसं पंचवीस, जेवणावळी. भात, आमटी, बटाट्याची भाजी सगळं बादल्यांनी खड्ड्यात गेलं, पातेरा टाकायला कोणाला वेळ होता?

18 मार्च

वास. माश्या. आत हात घातला तर राखाडी, चपट्या, कडक कातडीच्या अळ्यांचा खच, बादलीत ओतलेल्या तांदळासारखा सळसळ आवाज. मुंबईहून आलेल्या भाचीने किंचाळून घर डोक्यावर घेतलं. त्या काळ्या सैनिक माशीच्या अळ्या. ती माशी मोठी झाल्यावर अन्नावर घोंघावत नाही, आणि तिच्या अळ्या असल्या की घरमाशीला जागा उरत नाही. शिळा भात त्यांनी तीन दिवसांत संपवला. मी फक्त चार टोपल्या पातेरा आणि भाताचं तूस मिसळून ओल आटोक्यात आणली. वास दुसऱ्या दिवशी गेला.

12 एप्रिल

या वहीतली सगळ्यात लाजिरवाणी नोंद.

आज पहिल्यांदा फळ्या काढून ढीग पूर्ण उलटला. वरचं खत सुरेख, भुरभुरीत, मातीचा वास. खालच्या अर्ध्यात पांढऱ्या, लठ्ठ, इंग्रजी सी अक्षरासारख्या वळलेल्या अळ्या, डोकं तपकिरी, जाडी माझ्या अंगठ्याएवढी. मोजल्या तेवीस. मी म्हटलं, खत चांगलं करतायत, असू देत.

काकांनी एक उचलली, तळहातावर घेतली आणि पहिल्यांदाच हसले नाहीत. "वहिनी, हा गेंड्या." गेंड्या भुंगा. अळी असताना कुजलेलं शेण आणि पालापाचोळा खाते, कोणाचं काही बिघडवत नाही. तिचा भुंगा झाला की रात्री उडून माडाच्या शेंड्यात शिरतो आणि कोवळा कोंब पोखरतो. मग ते पान उलगडतं तेव्हा कात्रीने पंखा कापल्यासारखं दिसतं. मी मान वर केली. खड्ड्यापासून दहा पावलांवर आमचे दोन माड. एकाच्या दोन झावळ्या तशाच कापलेल्या. आजवर मला ती वाऱ्याची करणी वाटत होती.

अळ्या आल्या कुठून, ते उघड आहे. विरजणाच्या दोन घमेल्यांतून, मीच आणल्या. टिकल्या का, तेही उघड आहे. उघड्या ढिगावर कोंबड्या यायच्या, भारद्वाज यायचा, राखेत ज्याचं पाऊल उमटलं तो मुंगूस यायचा. मी त्या पावलांकडे बघून सगळ्यांना एकाच यादीत टाकलं होतं. घुशीसाठी जाळी, माकडांसाठी कुलूप लावलं आणि तेवीस अळ्यांना चार महिने अभय दिलं.

त्या तेवीस काकांच्या कोंबड्यांना घातल्या. दोन मिनिटंही लागली नाहीत.

13 एप्रिल

नवा नियम. महिन्यातून एकदा ढीग उलटायचा, त्या दिवशी फळ्या आणि झाकण दुपारपर्यंत उघडं, काकांच्या कोंबड्या आत. माकडांसाठी आई काठी घेऊन पडवीत. त्यांना काम आवडलंय.

शिवाय हिरव्या बुरशीची पावडर आणली, मेटारायझियम नावाने मिळते. पाण्यात कालवून खालच्या थरात ओतली. ती या अळ्यांच्या अंगावर वाढून त्यांना मारते. शेणाच्या खड्ड्यांसाठी नारळवाले हीच सांगतात.

11 मे

उलटला. अळ्या चार. एकीवर हिरवट पीठ चढलेलं, कडक झालेली. कोंबड्या गेल्यावर तासाभराने भारद्वाज आला, चिऱ्यावर उतरला, लाल डोळ्याने सगळीकडे बघितलं आणि मग चालत आत गेला, घरमालकासारखा.

25 मे

आगोटीची (पावसाआधीची) कामं जूनच्या पहिल्या आठवड्यात धरली होती, खड्ड्यावरचं छप्पर त्यातच. आजच तळकोकणात मान्सून पोचल्याचं जाहीर झालं. आमच्याकडे दुपारपासून कोसळतोय. आम्ही दोघं भिजत झाकणावर पत्रा तारेने बांधतोय, आई खिडकीतून सूचना देतायत. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, तो जाळीतून सरळ आत गेला असता तर ढीग पुन्हा थंडगार आणि घुशीला नवी जागा. पत्रा मागच्या बाजूला उतरता ठेवलाय, पाणी माडाच्या आळ्यात जातं.

31 मे

घूस गेलेली नाही. काल गडग्यापलीकडे, काकांच्या हद्दीत, नवं बीळ दिसलं. काकांना अजून सांगितलेलं नाही.

8 जून

रात्री साडेनऊला वीज गेली. पत्र्यावर पावसाचा आवाज होता, त्यात मधूनच टकटक. टॉर्च घेऊन गेले. झाकणाच्या जाळीला आतून एक काळाभोर भुंगा चिकटलेला, दोन इंचांचा, पॉलिश केल्यासारखा चकचकीत, नाकावर मागे वळलेलं शिंग. ते त्याने अर्ध्या इंचाच्या चौकोनात घातलं होतं आणि मागच्या पायांनी रेटत होता. मग शिंग काढून घ्यायचा, शेजारच्या चौकोनात घालायचा, परत रेटायचा. अंग कुठूनच बाहेर पडत नव्हतं.

माड तिथून दहा पावलांवर. मी कुळथाच्या डब्यामागून किल्ली आणली, झाकण चार बोटं उघडलं आणि त्याला पकडून साबणाच्या पाण्याच्या डब्यात टाकलं. एक सापडला म्हणजे कोषात आणखी असणार. उद्या पाऊस उघडला की खालचा थर हाताने तपासायचा, आणि काकांकडून शेण आणायचं ते आधी चाळून.

काकांना बिळाचंही सांगायचं.